क्यूपाथ: रंग उतरला की आधी आकडा सांगतो

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतींच्या तपासणीत, एकोणीस वर्षं स्लाइड रंगवतेय. "रंग बरा आलाय" हे नुसत्या नजरेनं ठरवायचे. क्यूपाथ हे स्लाइडच्या स्कॅन केलेल्या चित्रांवर मोजमाप करणारं सॉफ्टवेअर, मूळचं बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतलं, फुकट मिळतं, म्हणून लावून पाहिलं. रोज अपेंडिक्सची एक कंट्रोल (तुलनेसाठीची) स्लाइड स्कॅन करते, क्यूपाथमध्ये हिमॅटॉक्सिलिन (केंद्रकांचा निळा-जांभळा रंग) आणि इओसिन (बाकी भागाचा गुलाबी) वेगळे करून पेशींच्या केंद्रकांची सरासरी ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे रंग किती गडद ते, मोजते. मागच्या महिन्यात आकडा सोमवारपासून उतरत होता. माझ्या डोळ्यांना शुक्रवारपर्यंत पत्ता नाही! हिमॅटॉक्सिलिन दमलं होतं. भांड्यातला रंग बदलला, आकडा जागेवर. मात्र स्कॅनरची सेटिंग आणि स्टेन व्हेक्टर (दोन रंग वेगळे करायला क्यूपाथ वापरतं ते आकडे) तेच ठेवा, नाहीतर रंगाऐवजी स्कॅनरच मोजत बसाल. सेक्शन (ऊतीचा काप) जाड कापला तरी आकडा चढतो, म्हणून आधी मायक्रोटोमवर (काप काढायच्या यंत्रावर) कोण बसलं होतं ते विचारते.