लेझरजेट १०२० लिनक्सवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

एचपीचा लेझरजेट १०२० अजूनही झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलावर, पतसंस्थांमध्ये दिसतो. मॉडेल २००५ च्या सुमाराचं. मिनिटाला साधारण १४ पानं, ट्रेमध्ये १५० कागद, आणि १२ए कार्ट्रिज, जे तालुक्याच्या गावीही रिफिल करून मिळतं. जुना, चांगल्या अवस्थेतला कोणी देत असेल तर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या मुक्त संगणकप्रणालीवर, तो केबल जोडली की लगेच छापायला लागत नाही. संगणकाला प्रिंटर दिसतो, काम पाठवलं की रांगेत जातं, 'पूर्ण झालं' असंही येतं, आणि कागद मात्र हलत नाही.

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. या प्रिंटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आतली आज्ञावली, त्याच्या पोटात कायमचं साठवलेलं नसतं. वीज गेली की ते जातं, आणि परत चालू केल्यावर संगणकाने ते यूएसबीवरून पुन्हा पाठवावं लागतं. प्रिंटर स्वस्त ठेवण्यासाठी त्या काळी अशी रचना करत. विंडोजचा ड्रायव्हर (संगणक आणि प्रिंटर यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम) हे गुपचूप करतो, म्हणून तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सवर ही सोय आपण करून द्यायची.

रस्ते दोन आहेत. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप असेल तर एचपीलिप हे कंपनीचंच पॅकेज टाका आणि त्याचं प्लगिन (सोबतचा जोडभाग) उतरवून घ्या. प्लगिनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. त्यामुळे सिस्टिम अपडेट केल्यानंतर प्रिंट येईनाशी झाली, तर आधी प्लगिन पुन्हा उतरवून पाहा.

मी दुसरा रस्ता धरला, कारण मला प्रिंटर घरच्या रास्पबेरी पायला (तळहाताएवढा लिनक्स संगणक, पुढे नुसतं 'पाय') जोडून सगळ्यांसाठी खुला ठेवायचा होता. मी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. सराव पत्रिका कधी लॅपटॉपवरून जातात, कधी फोनवरून. इथे कामाला आला रिक रिचर्डसन यांचा फूटूझेडजेएस हा ड्रायव्हर. झेडजेस्ट्रीम ही या प्रिंटरची भाषा. पान संगणकावरच ठिपक्यांत बदलायचं, जेबिग पद्धतीने आवळायचं आणि प्रिंटरकडे पाठवायचं. म्हणूनच जेमतेम २ एमबी मेमरीत त्याचं भागतं. ड्रायव्हर सोर्ससकट उपलब्ध आहे, त्यामुळे तो पायच्या एआरएम जातीच्या प्रोसेसरवरही तितकाच नीट चालतो. एका माणसाने हे काम करून सगळ्यांना मोकळं दिलं, याबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते.

डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या सॉफ्टवेअर भांडारात हा ड्रायव्हर आहे. फर्मवेअर वेगळं मिळवावं लागतं, कारण ते मुक्त परवान्याखाली नाही. मूळ फाइल आणून एआरएमटूएचपीडीएल या छोट्या साधनाने ती बदलायची आणि ठरलेल्या फोल्डरात ठेवायची. जोडलेल्या उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या यूडेव्हचा नियम ड्रायव्हरसोबत येतोच. प्रिंटर यूएसबीवर दिसला की तो नियम फर्मवेअर पाठवतो आणि प्रिंटर आतून घरघरतो. खात्री करायची असेल तर यूएसबी_प्रिंटरआयडी ही आज्ञा चालवून पाहा. उत्तरात एफडब्ल्यूव्हीईआर दिसलं, म्हणजे फर्मवेअर पोचलं. एचपीलिप आणि हा ड्रायव्हर एकाच मशीनवर नांदवू नका. दोघेही प्रिंटरचा ताबा घेऊ पाहतात.

आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून कितीदाही लाइट जाते, त्यामुळे खरी परीक्षा तिथे झाली. पाय इन्व्हर्टरवर आहे, प्रिंटर नाही. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (पूड कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम खूप वीज ओढतो, त्याला घरगुती इन्व्हर्टरवर घालू नये. लाइट आली की प्रिंटर जागा होतो, पायला दिसतो, फर्मवेअर जातं, आणि अडकलेली पत्रिका आपोआप बाहेर येते. मला उठावंही लागत नाही. पाय इन्व्हर्टरवर ठेवण्याचा आणखी एक फायदा: अवेळी वीज जाऊन मेमरी कार्ड खराब होण्याची भीती राहत नाही.

सीयूपीएसमध्ये, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीत, प्रिंटर 'शेअर' केल्यावर फोनला तो वायफायवरचा प्रिंटर म्हणूनच दिसतो. पालकांना शुल्काच्या पावत्या मी फोनवरूनच छापून देते.

मराठीच्या बाबतीत मी फार समाधानी आहे. पान संगणकावर तयार होत असल्याने प्रिंटरला फॉन्टशी काही देणंघेणं नाही. पडद्यावर 'द्ध', 'ट्ठ', 'र्‍या' जसे दिसतात तसेच कागदावर उतरतात. इंचाला १२०० बाय ६०० ठिपके ठेवले तर बारीक अक्षरांतले अनुस्वारही सुटे आणि ठसठशीत येतात. टोनर वाचवायची फिकट छपाई मी फक्त कच्च्या कामाला वापरते. मुलांच्या पत्रिकेत रेफ पुसट झाला की ती चुकीचं वाचतात.

त्रासही आहेत. पाठपोट छपाई हाताने: आधी विषम पानं, मग गठ्ठा उलटून सम. स्कॅन केलेली जाड पीडीएफ पाठवली की पाय बराच वेळ घोस्टस्क्रिप्टमध्ये (पीडीएफचे ठिपके करणारा प्रोग्रॅम) गुंततो. अशी फाइल लॅपटॉपवर हलकी करून, पाच-दहा पानांच्या तुकड्यांत पाठवते. आणि रिफिल स्वस्तात स्वस्त शोधू नका. हलकी पूड भरली की पानाच्या मागे काळा पट्टा उमटतो आणि माणूस उगाच ड्रायव्हरवर संशय घेतो.

पुढे सीयूपीएस ३ मध्ये पीपीडी फाइलींवर (प्रिंटरची माहिती सांगणाऱ्या फाइली) चालणारे जुने ड्रायव्हर थेट चालणार नाहीत. लिनक्सवरच्या छपाईचं काम पाहणाऱ्या ओपनप्रिंटिंग प्रकल्पाची मंडळी त्यांच्यासाठी 'प्रिंटर ॲप्लिकेशन' नावाचा मधला दुवा बनवत आली आहेत, म्हणजे वाट बंद झालेली नाही. पण एकट्या माणसाने उभ्या केलेल्या प्रकल्पांची संकेतस्थळं कायम टिकतातच असं नाही. चालू असलेलं मेमरी कार्ड, ड्रायव्हरचा सोर्स आणि फर्मवेअरची फाइल, तिन्हींची प्रत मी वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवली आहे. हा प्रिंटर घेणार असाल तर पहिल्याच दिवशी तेवढं करा.