झबलं न्यूबॉर्नचं घ्यावं की झिरो-टू-थ्रीचं?

बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवा कपडा घरात आणायचा नाही, ही रीत आमच्या खानदेशात अजून बऱ्याच घरांत पाळतात. त्यामुळे यादी मनात तयार असली तरी खरेदी बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी, झोप न झालेल्या बापाच्या नाहीतर मामाच्या गळ्यात पडते. तो दुकानात जातो, दुकानदार विचारतो, "भाऊ, न्यूबॉर्न देऊ की झिरो-टू-थ्री?" म्हणजे नुकत्या जन्मलेल्याचं माप की शून्य ते तीन महिन्यांचं, आणि भाऊ दोन्ही तळहात हवेत धरून बाळ केवढं आहे ते दाखवतो. मी असे हात दोनदा धरले आहेत. दोन्ही वेळा अंदाज चुकला.

मुलगी मे महिन्यात झाली, अमळनेरला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, वजन 2.6 किलो. मुलगा डिसेंबरात, भुसावळला आमच्या घरी; 3.4 किलो. तिच्या वेळी जवळजवळ सगळं न्यूबॉर्न घेतलं होतं, त्याच्या वेळी झिरो-टू-थ्री आणि थोडं थ्री-टू-सिक्स. दोन बाळांवरून नियम करू नये हे कबूल. पण हा आढावा त्या दोघांच्या अंगावरूनच आला आहे, तेव्हा तेवढ्या मापानेच घ्यावा.

न्यूबॉर्नच्या बाजूने बोलायचं तर पहिल्या आठवड्यात त्याच्याइतकं नीट बसणारं दुसरं काही नाही. खांदे जागेवर राहतात, बाही मनगटाशी संपते, बाळ कपड्यात हरवत नाही. बारशाचा फोटो चांगला येतो. आणि पहिल्या दिवसांत बाळ वाढत तर नाहीच, उलट थोडं उतरतं. जन्माच्या वजनातलं काही वजन कमी होऊन साधारण दहा-पंधरा दिवसांत ते पुन्हा भरून येतं. म्हणजे पहिला पंधरवडा बाळ जवळपास त्याच मापाचं असतं. न्यूबॉर्नचं राज्य तेवढंच.

पुढे मात्र धावपळ सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलग्याची जन्मतः सरासरी लांबी 49.9 सेंटिमीटर आहे, एका महिन्याला 54.7 आणि तीन महिन्यांना 61.4. मुलींची 49.1 वरून 59.8. तीन महिन्यांत जवळजवळ वीतभराचा अर्धा भाग. काही कपड्यांच्या लेबलवर 50, 56, 62 असे आकडे असतात. ते बाळाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीचे. वरचा तक्ता त्या आकड्यांशेजारी ठेवला की दिसतं, 56 चं झबलं दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर संपतं आणि 62 चं तिसऱ्या महिन्याच्या आसपास. माझी मुलगी बारीक होती, तरी तिचे न्यूबॉर्न पाच आठवड्यांत आवळले. मुलाला आलेला एकमेव न्यूबॉर्न आहेर बारशालाच कसाबसा चढला, आणि उतरवताना घामाघूम झालो ते आम्ही.

आता ज्या गोष्टीवरून माझं मत फिरलं ती. टिचबटण.

न्यूबॉर्नचे रोम्पर, म्हणजे खांद्यापासून मांड्यांपर्यंतचे एकसंध कपडे, सगळे खालून बंद होणारे होते, दोन पायांच्या मध्ये तीन टिचबटणं. दुकानात हे फार सोयीचं वाटतं. पण हे रोम्पर बेतलेले असतात पातळ डायपरवर. अमळनेरला मे महिन्यात सासूबाईंनी डायपर घरात येऊ दिला नाही. "एवढ्या उन्हात लेकराला प्लास्टिकात बांधता का?" तेव्हा जुन्या धोतराचे त्रिकोणी लंगोट, आणि रात्री त्यात आणखी एक घडी. त्या जाडीवरून रोम्परची खालची पट्टी वरपर्यंत पोचेच ना. ताणून लावली की खांदे खाली ओढले जायचे, बाळाची मान आत जायची, आणि पहिल्याच लाथेला टक् करून मधलं बटण सुटायचं. मग दुसरं. तिसरं तेवढं आपलं कर्तव्य म्हणून लागून राहायचं.

रात्री अडीचला, लाइट गेलेली, तोंडात मोबाइल धरून त्याच्या उजेडात मी ही बटणं लावत बसायचो. शेवटी नेहमी एक बटण शिल्लक आणि त्याच्यासमोर जोडीदार नाही, म्हणजे सुरुवातच चुकली होती. पुन्हा पहिल्यापासून. तोवर बाळाने लंगोट ओला केलेला. हे दिवसातून आठ-दहा वेळा धरा. मांडीच्या सांध्यात पट्टीचा लाल वळ उठला तो वेगळाच. आणि नाळेचा तुकडा अजून पडला नव्हता. तो कोरडा, मोकळा ठेवायचा, लंगोटही त्याच्या खालीच दुमडायचा, आणि वरून हा ताणलेला रोम्पर बरोबर तिथेच दाबून बसणार.

तिसऱ्या रात्री अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, "पोर रोज वाढस, कपडा वाढस नही." दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन काढलं आणि जुन्या सुती साडीची पाच झबली शिवली. पुढून उघडी, एक पदर दुसऱ्यावर घेऊन बगलेखाली बंद बांधायचा. त्यांना नंबर नव्हता. साडी किती उरली आहे तो त्यांचा नंबर. पण बंदाच्या झबल्याची गंमत हीच, की माप बांधणाऱ्याच्या हातात राहतं. पहिल्या आठवड्यात पदर जास्त ओढून बांधा, महिन्याने सैल. लंगोट जाड असो, पातळ असो, झबल्याला त्याचं काही देणंघेणं नाही, कारण ते खाली जातच नाही. ती पाच झबली मुलीला तीन महिने पुरली. सुती मऊ होत जातं तेही आलंच.

झिरो-टू-थ्री मी मुलाच्या वेळी घेतलं ते या आठवणीवरून. सुरुवातीला ढगळ दिसतं, हे खरं. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात, आणि पायांचे मोजे जोडलेला बंद सूट असेल तर बाळ पाय वर ओढून घेतं आणि दोन्ही पाय विजारीच्या एकाच बाजूत जाऊन बसतात. त्यामुळे या मापात बंद पायांचं घेऊ नका, असं मी म्हणेन. बाकी फार तक्रार नाही. लंगोटावरून बटण लागतं. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात थोडी आकसते, ती आकसायला जागा असते. आमच्याकडे तरी दोन बोटं गेली, आणि बोअरच्या पाण्यात धुतल्यावर कापड कडक होतं ते वेगळंच. न्यूबॉर्नला ही दोन बोटं परवडत नाहीत.

एक जपा: लेबलवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तिरुपूरचा एक्स्पोर्टचा उरलेला माल आपल्याकडे स्वस्तात येतो, कापड छान असतं, पण त्याची मापं ज्या देशासाठी शिवला त्या देशाची. एका लेबलवर नुसता 'तीन महिने' असतो म्हणजे तीन महिन्यांपर्यंतचं, दुसऱ्यावर तोच आकडा तीन महिन्यांपासून पुढचं सांगतो. मी दोन सारख्या लेबलांची झबली एकावर एक ठेवून पाहिली, चार बोटांचा फरक. घरातलं बसणारं एक झबलं खिशात घालून न्यावं आणि दुकानात त्यावर ठेवून घ्यावं. दुकानदार हसतो, हसू दे.

गळ्याबद्दल थोडं. डोक्यावरून घालायचा कपडा कोणत्याही मापाचा असो, पहिल्या महिन्यात घालणाऱ्याचेच हात थरथरतात. मान सावरायची की बाही शोधायची? काही रोम्परना खांद्यावर एकमेकांवर चढलेले पदर असतात. ते शोभेचे नाहीत. शी पाठीपर्यंत गेली की कपडा डोक्यावरून न काढता खांद्यावरून खाली, पायांकडे ओढून काढायचा, त्यासाठी ते आहेत. मला हे मुलीच्या तिसऱ्या आठवड्यात एका वहिनींनी सांगितलं. तोपर्यंतचे तीन आठवडे आठवू नयेत असे गेले.

थ्री-टू-सिक्सची वकिली करणारे घरोघरी असतात. "वाढत्या अंगाचं घे, दोन महिन्यांनी येईलच." पैशाच्या हिशेबाने बरोबर वाटतं. पण ढगळ गळा झोपेत वर सरकून बाळाच्या तोंडावर येतो, मुलाच्या वेळी एकदा तसं पाहिलं आणि ते झबलं त्याच रात्री कपाटात गेलं. नवजाताला मोठ्या मापाचं घालू नका, ठेवून द्यायला घेत असाल तर घ्या. आणि घेताना ऋतूचा हिशेब करा, कारण खानदेशात हा हिशेब चुकला की कपडा कोराच राहतो. मुलगा डिसेंबरातला, तेव्हा थंडीसाठी आलेले आहेर पाहुण्यांनी मोठ्या मनाने सिक्स-टू-ट्वेल्व्हचे आणले. लोकरी स्वेटर, कानटोपीसकट. ते मापात आले जूनमध्ये. भुसावळच्या जूनमध्ये! मुलीचं उलटं: मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकलेला, पातळ बिनबाहीच्या झबल्यावर भागलं, घरात टोपडंही काढून ठेवलं (यावर माझी आई आणि सासूबाई पहिल्यांदाच एका बाजूला झाल्या, माझ्याविरुद्ध). तिला पूर्ण बाहीचं लागलं दिवाळीनंतर, तेव्हा ती सहा महिन्यांची होती.

नग किती घ्यायचे तेही महिनाच ठरवतो. मेमध्ये दोरीवर टाकलेलं झबलं दुसरं पिळून होईपर्यंत वाळतं, सहा झबल्यांत दिवस निघतो. श्रावणात तीच सहा झबली पंख्याखाली दोन दिवस दमट राहतात, तिथे डझनही कमी पडतं. म्हणून कुणी नुसतं "किती घेऊ?" असं विचारलं की मी आधी तारीख विचारतो.

कापडाचं म्हणाल तर कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून बाळाच्या अंगावर नायलॉनची झालर घालायची, हे मला समजत नाही. पण बारशाच्या सेटमध्ये ती असतेच आणि कुणाचं मन मोडवत नाही. फोटोपुरतं घालावं, काढावं.

इतकं बोलूनही एका बाबतीत मी माघार घेतो. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल, दिवसांआधी आलेलं असेल किंवा जुळी असतील, तर न्यूबॉर्नच घ्या, मिळालं तर त्याहून लहानही. तिथे ढगळ कपड्यात ऊब राहत नाही आणि वाढायलाही वेळ लागतो. अशा बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरायला सांगतात, कांगारूसारखं. तेव्हाही पुढून उघडणारं, बिनबाहीचं झबलंच कामाला येतं. डॉक्टर सांगतील ते माझ्या वर.

बाकीच्यांसाठी, म्हणजे पावणेतीन ते साडेतीन किलोच्या बाळाच्या बापासाठी, मी असं सुचवीन. दवाखान्यातून घरी येईपर्यंत दोन न्यूबॉर्न, फार तर तीन. तेही रोम्पर नको, झबलीच. उरलेलं सगळं झिरो-टू-थ्री, त्यातली निम्म्याहून जास्त पुढून उघडी आणि बंदाची. बंद आखूड हवेत आणि बगलेखाली, गळ्याशी नकोत. लांब नाडी बोटाला, मानेला गुंडाळली जाते. घरात शिवणारं कुणी असेल तर विकतची कमी करा. नवी शिवताना नवं कापड नको, धुऊन धुऊन पातळ झालेली साडी किंवा धोतर घ्या, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. सासूबाईंनी न सांगता तसंच केलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आतली शिवण बोचते, त्यात विचारायचं काय?"

डायपरच वापरणार असाल तर माझ्या टिचबटणाच्या तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मग न्यूबॉर्न रोम्पर तीन-चार आठवडे सुखाने जाईल. माझ्या धाकट्या मेव्हण्याने तसंच केलं आणि तो खूश आहे. त्याचं बाळही रात्री झोपायचं म्हणा, त्यामुळे त्याची साक्ष मी निम्मीच धरतो.

आमच्या माळ्यावर एक पिशवी आहे. त्यात न्यूबॉर्नचे चार रोम्पर आहेत, दोन तर लेबलसकट. एकावर हत्ती आहे. कुणाकडे लवकरच बाळ येणार असेल तर घेऊन जावेत. बटणं अजून कडक आहेत, एवढं आधीच सांगून ठेवतो.