एबीए सेंटरचा रिव्ह्यू (एडिसन, न्यू जर्सी): चार स्टार, तेही मुख्यतः सुपरवायझरमुळे

मुलगा चार वर्षांचा आहे, दीड वर्षापासून आठवड्याला वीस तास एबीए (ऑटिझमच्या मुलांना देतात ती वर्तन-थेरपी) चालू आहे, त्यातले पहिले आठ महिने दुसऱ्या सेंटरला आणि आता इथे. आपले लोक विचारतात ते जागा कशी आहे, खेळणी कसली, वेटिंग किती. मीपण पहिल्यांदा तेच विचारलं होतं. जागा दोन्हीकडे मस्तच आहे हो. फरक पडला तो सुपरव्हिजनमध्ये, म्हणून त्यावरच लिहितेय.

नवीन आईबाबांसाठी थोडक्यात. मुलासोबत रोज खाली मॅटवर बसून काम करते ती आरबीटी. अठरा वर्षं पूर्ण, हायस्कूल झालेलं, चाळीस तासांचं ट्रेनिंग, एक प्रात्यक्षिक चाचणी आणि एक परीक्षा, झाली आरबीटी. आमची पहिली तर कॉलेजला जाणारी पोरगी होती, पोराला खूप जीव लावायची, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण प्लॅन बनवायचा, बदलायचा तो बीसीबीएने, म्हणजे तिच्या वरच्या सर्टिफाइड तज्ज्ञ सुपरवायझरने, आणि वर सुपरवायझर नसेल तर आरबीटीला काम करताच येत नाही. सर्टिफिकेट देणारं बोर्ड म्हणजे बीएसीबी, त्यांचा नियम असा की महिन्याला जेवढे तास ती थेरपी देते त्याच्या किमान ५ टक्के सुपरव्हिजन पाहिजे, महिन्यातून किमान दोनदा समोरासमोर, त्यातल्या एकदा तरी ती मुलासोबत काम करत असताना बघायचं. व्हिडिओ कॉल चालतो पण लाइव्हच.

मी हिशोब केला, आमचे महिन्याचे साधारण ८० तास, म्हणजे ४ तास सुपरव्हिजन. जुन्या सेंटरमध्ये विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमचं सगळं नियमात आहे". मग एका रात्री पोरगं झोपल्यावर इन्शुरन्सचे कागद काढून बसले. बिलात ९७१५३ म्हणजे आरबीटीचे तास आणि ९७१५५ म्हणजे बीसीबीए स्वतः मुलासोबत असते ते, दोन्ही पंधरा पंधरा मिनिटांच्या युनिटमध्ये. ९७१५३ ची युनिट तीनशेच्या वर, आणि ९७१५५ ची आठ. आठ म्हणजे दोन तास!! अख्ख्या महिन्यात!

भांडायला गेले तर तिथल्या मॅनेजर बाईंनी शांतपणे समजावलं आणि माझं तोंडच बंद झालं, कारण त्या चुकीचं बोलत नव्हत्या. ते ५ टक्के मोजतात आरबीटीच्या एकूण तासांवर, एका मुलावर नाही. तिच्याकडे तीन मुलं, सुपरव्हिजन झालं ते जास्त करून दुसऱ्या मुलाच्या सेशनला, दोन भेटींपैकी एक तर ग्रुपमध्येसुद्धा चालते. म्हणजे कागदोपत्री नियम पाळला आणि माझ्या पोराच्या वाट्याला दोन तास. ही गोष्ट मला आठ महिने कुणी सांगितली नव्हती. एबीए देणाऱ्या संस्थांच्याच गाइडलाइनमध्ये, म्हणजे कॅस्पच्या, मुलाच्या दर १० तासांमागे साधारण २ तास बीसीबीएचं काम धरलंय, ते कुठे आणि हे कुठे. (त्या २ तासांत मुलासमोर नसतानाचं काम, डेटा बघणं वगैरे पण येतं, तरीसुद्धा.)

आताच्या सेंटरला पहिल्याच मीटिंगला सरळ विचारलं, माझ्या मुलाजवळ बीसीबीए आठवड्याला किती वेळ बसणार ते लिहून द्या. दिलं, आठवड्याला अडीच तास. आणि खरंच बसते, लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात नाही, मॅटवर. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी काचेतून बघत होते, आरबीटी साबणाचे फुगे घेऊन, कार्ड देऊन ते मागायला शिकवत होती, पोरगा पटापट कार्ड देत होता, मी खूश. बीसीबीए पाच मिनिटं बघून आरबीटीला म्हणाली, हा मागत नाहीये, हा तुझ्या हाताकडे बघतोय. खरंच की! दर वेळी तिचा हात आधी थोडा पुढे यायचा. हात मागे घेतला तर साहेब बसून राहिले, ढिम्म. मग एक पायरी मागे जाऊन पुन्हा शिकवलं, दोन आठवडे गेले. हेच कुणी बघितलं नसतं तर डेटाशीटवर "येतंय" असं लिहून पुढे सरकले असते.

अजून एक. पोरगा दाराकडे बोट करून "भुर्र" म्हणायचा आणि ते नुसते आवाज म्हणून नोंदलं जात होतं! पॅरेंट ट्रेनिंगच्या तासाला मी सांगितलं की आमच्याकडे बाहेर जायचं म्हणजे भुर्र, तर बीसीबीएने हसून त्याच दिवशी शब्द म्हणून प्लॅनमध्ये टाकलं. आता तिथल्या थेरपी देणाऱ्या दोन्ही पोरी दारात उभ्या राहून "भुर्र?" विचारतात, ऐकायला फार मजा येते.

एक स्टार कापलाय कारण मध्ये दोनदा सकाळी आठला मेसेज, सुपरवायझर नाही, सेशन कॅन्सल. रजा टाकून घरी बसावं लागलं, चिडचिड झाली, आधी कळवायला काय जातं. पार्किंगचं तर बोलूच नका.

पुण्याची मावसबहीण विचारत होती की तिकडे आरबीटी शोधू का. २०२३ पासून बीएसीबी भारतातून नवीन अर्ज घेत नाही, त्यामुळे तिकडे इतर आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेटवाले भेटतील. तिला म्हटलं सर्टिफिकेट बघच, पण वर कोण बघतंय आणि तुझ्या मुलाला किती वेळ बघतंय ते आधी विचार. इथल्यांनी आरबीटीचं नाव बोर्डाच्या साइटवर टाकून सर्टिफिकेट चालू आहे का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आमची बीसीबीए पुढच्या महिन्यात बाळंतपणाच्या रजेवर जातेय. बदली कोण येणार ते सेंटरने लेखी कळवलंय, तास मात्र लिहिलेले नाहीत. सोमवारी विचारणार आहे, मग इथे अपडेट टाकते.