जुन्या रॅमला जोड द्यावी की जोडीचं किटच घ्यावं?

८ जीबीचा पीसी १६ जीबी करायचा म्हटलं की दोन वाटा असतात. आहे ती स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, राहू द्यायची आणि ८ जीबीची आणखी एक बसवायची, किंवा जुनी काढून ८-८ जीबीचं जोडीचं किट, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या दोन स्टिक, घ्यायचं. मी आधी पहिली वाट धरली, चार महिने काढले आणि मग दुसरीकडे वळलो.

पैशाच्या हिशेबात पहिली वाट सरस, यात वाद नाही. निम्म्या खर्चात काम होतं आणि कागदावर काहीच अडत नाही. माझी जुनी स्टिक २६६६ वेगाची, नवी ३२०० ची, दोन्ही डीडीआर-४ या एकाच पिढीच्या. जी हळू तिच्या वेगाने दोन्ही चालतील, एवढाच तोटा धरला होता.

बसवली त्या दिवशी पंखे फिरले, पण डिस्प्ले आला नाही. मदरबोर्डवरचा रॅमचा बारका दिवा पेटून राहिला. स्टिक काढून सोनेरी कडेवर खोडरबर फिरवला, दोन्ही टोकांना खटका वाजेपर्यंत दाबून बसवली. चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच स्टिक असतील तर बहुतेक वेळा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तेही केलं. शेवटी प्लग काढून बोर्डवरचा सीआर२०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवला. बायॉसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामच्या, जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि मशीन १६ जीबी दाखवत सुरू झालं.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. रात्री मी मेन स्विच बंद करतो. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पडदा काळा. कधी दुसऱ्या खेपेला डिस्प्ले यायचा, कधी चौथ्या. एकदा सुरू झालं की दिवसभर तक्रार नाही, लग्नाच्या अल्बमची जड कामंही न अडखळता व्हायची. बायॉस अपडेट केला, वेग २४०० वर आणला; त्रास कमी झाला, गेला नाही.

दुकानात दोन्ही स्टिक नेल्या. दुकानदाराने त्यांच्या मशीनमध्ये एकेक लावून दाखवली. दोन्ही पहिल्या दाबाला सुरू. घरी मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामवर एकेक रात्र चालवली, एकही चूक निघाली नाही. म्हणजे स्टिक चांगल्या, बोर्ड चांगला, फक्त दोघींचं एकमेकींशी जमत नाही. दोष कुणाचाच नाही, म्हणून वॉरंटीत बदलूनही कोण देणार? दुकानदाराचं चुकलं असंही मला म्हणता येईना. माझा निर्णय इथेच झाला.

माझ्या समजुतीप्रमाणे कारण असं: सुरू होताना बोर्ड प्रत्येक स्टिकवरच्या छोट्या चिपमधली माहिती वाचतो आणि सिग्नलची वेळ जुळवून घेतो. दोन स्टिकच्या मेमरी चिप वेगळ्या असल्या की दोघींना मानवेल अशी जागा अरुंद होते, आणि थंड मशीनवर ती कधीकधी हुकते.

किट बसवलं आणि तेव्हापासून सकाळी पहिल्या दाबाला डिस्प्ले. बायॉसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करून पूर्ण ३२०० वर चालतंय. मात्र एकाच मॉडेलच्या दोन सुट्या स्टिक म्हणजे किट नव्हे. तोच मॉडेल नंबर ठेवून आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. किटमधली जोडी कंपनीने एकत्र तपासलेली असते. एक उणीव मान्य करतो: एक स्टिक बिघडली तर वॉरंटीसाठी बहुधा दोन्ही पाठवाव्या लागतात.

लॅपटॉपमध्ये ८ जीबी बोर्डवरच सोल्डर केलेली असेल आणि स्लॉट एकच असेल, तर पहिल्या वाटेशिवाय इलाज नाही. नुसतं हिशेबाचं आणि टायपिंगचं काम असेल तरी जोड देऊन पाहायला हरकत नसावी. अनेकांचं बिनबोभाट चालतं. फक्त नवी स्टिक जुनीच्याच वेगाची आणि डीडीआर-४ असेल तर साध्या १.२ व्होल्टची घ्या, आणि आपल्या मशीनवर जुनीसोबत चालली नाही तर परत घेणार का, हे बिल करण्याआधी ठरवा. डीडीआर-५ असेल तर रॅम बदलल्यानंतर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेवढ्यात घाबरून प्लग काढू नका.

जुनी स्टिक मी विकली नाही. तिच्याच पिशवीत घालून खणात ठेवली आहे. किट कधी दुरुस्तीला गेलं तर काम थांबायला नको, आणि पुन्हा पडदा काळा झालाच तर ती एकटी लावून बोर्ड बिघडला की रॅम, हे पाच मिनिटांत कळेल.