लँडलाइनमध्ये घुसणारी आकाशवाणी: फेराइट रिंग आणि फिल्टर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात हडपसरच्या आकाशवाणीच्या मध्यम लहरी ट्रान्समीटरच्या आसपास तांब्याच्या तारेवरची लँडलाइन असेल, तर रिसीव्हर उचलताच डायल टोनच्या मागे बातम्या किंवा गाणं ऐकू येणं नवीन नाही. एखाद्या ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झ लावून पाहा. दोन्हीकडे तोच कार्यक्रम असेल तर निदान झालं. या लहरीची पाव लांबी सुमारे ९५ मीटर भरते, त्यामुळे खांबावरून इमारतीत येणारी वायर आयती एरियल ठरते. फोनमधला एखादा डायोड किंवा गंजलेला सांधा मग रेडिओच्या डिटेक्टरचं, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा काढण्याचं काम करतो.

म्हणून पैसे खर्चण्याआधी रोझेट (बाहेरची लाइन घरात जिथे येते ती भिंतीवरची डबी) उघडा. घरातली सगळी वायरिंग सोडवा, तिथेच एक साधा, अडॅप्टर न लागणारा फोन थेट जोडा. रेडिओ गेला तर दोष घरातल्या वायरीत किंवा दुसऱ्या उपकरणात आहे, तेव्हा एक्स्टेन्शन एकेक करून जोडत या. तरीही वाजत असेल तर वेगळ्या कंपनीचा फोन लावून पाहा. तोही गात असेल तर संशय बाहेरच्या सांध्यावर. पावसाळ्यानंतर स्क्रूवर हिरवट थर आढळतोच. वायरचं टोक कापून नव्याने सोला, आणि पिळून टेप गुंडाळण्याऐवजी जेली भरलेले कनेक्टर वापरा. निम्मी तक्रार बहुतेकदा इथेच मिटते.

आता खरेदीबद्दल. फेराइट म्हणजे वायरवरच्या रेडिओ लहरींना अडवणारा चुंबकीय पदार्थ. केबलवर टचकन बसणारे त्याचे क्लिपवाले तुकडे मध्यम लहरींसाठी जवळपास वाया. वायर त्यातून एकदाच जाते आणि या फ्रिक्वेन्सीला तेवढ्याने काही अडत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० वेढ्यांना १०० पट (फार वेढे घेतले की वेढ्यांमधली कपॅसिटन्स हा हिशेब बिघडवते). ६१ मिमी बाहेरील व्यासाची ३१ नंबर मिश्रणाची (हा फेराइटच्या प्रकाराचा नंबर) रिंग घ्या. मिळालीच तर ७५ नंबर, या पट्ट्यात ती सरस. २ मीटरची लाइन कॉर्ड घेऊन तिचे १२ वेढे मारा, दोन्ही तारा एकत्रच. एकत्र गुंडाळल्याने लाइनच्या डीसी करंटचा परिणाम एकमेकांत कटतो आणि रिंग संपृक्त होत नाही, म्हणजे तिची अडवण्याची ताकद संपत नाही. रिंग फोनला चिकटून हवी. रोझेटजवळ लावली तर पुढची कॉर्ड पुन्हा एरियल होते. हा बदल लगेच कानाला कळतो आणि आठ महिन्यांत रिंगेत झिजण्यासारखं काही नसतं. क्वचित कॉर्ड ताणली जाऊन वेढे सैल पडतात, तेव्हा दोन केबल टाय पुरेत.

एवढं करूनही मागे पुटपुट उरली तर बहुधा रिसीव्हरची गुंडाळी वायर दोषी. तिच्या सरळ टोकाचे ४-५ वेढे छोट्या रिंगवर घ्या, किंवा रिसीव्हर उघडून माइकच्या दोन टोकांवर १००० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पाय तोकडे ठेवून डागा.

ब्रॉडबँडबरोबर मिळणारा एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरून येणारं इंटरनेट) फिल्टर यावर उपाय समजून लावतात. तो दोन तारांमधला फरक गाळतो. रेडिओ मात्र बहुतांशी दोन्ही तारांवर एकसारखाच येतो, त्यामुळे तो फिल्टर चुकवून निघून जातो. लाइनवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा असेल तर स्प्लिटरच्या (फोन आणि इंटरनेट वेगळे करणाऱ्या डबीच्या) फोनकडच्या बाजूलाच लावा. १ मेगाहर्ट्झला तो जेमतेम १६ ओहम असतो, मोडेमच्या बाजूला लागला तर इंटरनेट बसलंच. रेटिंग २५० व्होल्ट हवं, कारण फोनची घंटी वाजताना ४८ व्होल्ट डीसीवर एसीही चढतो.

मध्येच येणारी 'टर्र-टर्र' वेगळी. ती टू-जी मोबाइलची, सेकंदाला २१७ वेळा सुटणाऱ्या ठोक्यांची. त्याला रिंग नको, मोबाइल दोन मीटर लांब ठेवा.

फायबरवर गेलेल्यांकडे बाहेरची तांब्याची तारच उरत नाही, त्यामुळे हा त्रास बराच कमी. मात्र राउटरपासून फोनपर्यंत जुनी चपटी, लांबलचक कॉर्ड तशीच ठेवली असेल तर ती आधी आखूड करा.