२७ इंची मॉनिटर, ८ महिन्यांनंतर: सगळं छान, फक्त बंद होताना अंगात यायचं (पुढे मत बदललंय, पूर्ण वाचा)

स्पेक्स लिहीत बसत नाही, ते सगळीकडे आहेत. २७ इंच, १४४० पी, १४४ हर्ट्झ, आयपीएस, हल्ली सगळे घेतात तेच. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, का ते शेवटी कळेल. रंग चांगले आहेत, अक्षरं ठसठशीत दिसतात, स्टँड डुलतो (टाइप करताना सुद्धा डुलतो, टेबल भक्कम आहे माझं), मेनूसाठी मागे जॉयस्टिक दिलीय ती आठ महिन्यांनंतरही माझ्या बोटाला पहिल्या फटक्यात सापडत नाही. झालं, रिव्ह्यू संपला. आता मुख्य दुखणं.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की पीसी शट डाऊन केला की विंडोजचं ते गोल फिरणं संपतं, स्क्रीन काळी होते, सीपीयूचा पंखा थांबतो आणि मग एक दोन सेकंदांनी, म्हणजे सगळं मेल्यावर, स्क्रीनवर हिरव्या-गुलाबी पट्ट्या फडफडून जातात. कधी बारीक, कधी अख्खी स्क्रीनभर. मग परत काळं, पण नुसतं काळं नाही, मागचा लाइट चालूच, ते राखाडी काळं. "नो सिग्नल" यायला पाहिजे ते येतच नाही, मॉनिटरचा दिवा स्टँडबायला जायला कधी कधी पाच मिनिटं लावतो. रोज नाही, तीन-चार वेळा बंद केला की एकदा. रीस्टार्ट केला तर कधीच नाही. स्लीपमध्ये टाकला तरी नाही. फक्त शट डाऊन.

लेक म्हणाली, "बाबा, बंद करतानाच दिसतं ना? मग बटण दाबायचं आणि उठायचं, बघत कशाला बसायचं?" मुद्दा बरोबर होता. पण एकदा दिसलं की दिसलं, मग मी रोज शट डाऊन करून खुर्चीत वाट बघत बसायला लागलो, आज येतंय का, आज येतंय का. पट्ट्या आल्या नाहीत तर उलट अस्वस्थ वाटायचं.

सुरुवातीला संशय ग्राफिक्स कार्डावर, कारण ते जुनं आहे आणि नवीन घ्यायचं नाहीये. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या ड्रायव्हर पुसायच्या टूलने साफ पुसला, नवीन टाकला, फरक शून्य. विंडोज की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबलं की ग्राफिक्स ड्रायव्हर जागच्या जागी रीस्टार्ट होतो, टुक् असा आवाज येतो आणि स्क्रीन एकदा मिचकते, ते पण दहादा करून बघितलं, पट्ट्या नाहीत. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. ड्रायव्हर अडकून परत उभा राहिला की तिथे ४१०१ नंबरची नोंद पडते, पीसी नीट बंद न होता मेला तर पुढच्या वेळी कर्नल पॉवर ४१ दिसतो. माझ्याकडे दोन्ही नाहीत. म्हणजे विंडोजच्या मते सगळं सुरळीत बंद झालंय. तेव्हा मी ह्याचा अर्थ "विंडोजला कळत नाही" असा काढला. खरा अर्थ होता की पट्ट्या येतात तेव्हा विंडोज शिल्लकच नसतं! पंखा थांबल्यावर येणाऱ्या गोष्टीसाठी मी तीन आठवडे ड्रायव्हर उचकटत होतो. असो.

मग फास्ट स्टार्टअप सापडलं आणि मला वाटलं आता मिटलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विंडोज ८ पासून शट डाऊन म्हणजे पूर्ण शट डाऊन नसतो, तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची अवस्था हायबरनेट फाइलमध्ये लिहून ठेवतात म्हणजे पुढच्या वेळी पटकन सुरू होईल. रीस्टार्टला मात्र असं काही नाही, तिथे सगळं खरोखर पुसून नव्याने. म्हणजे शट डाऊनला पट्ट्या आणि रीस्टार्टला नाही, हे कोडं चपखल बसलं की. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं की त्या वेळेपुरतं फास्ट स्टार्टअप टळतं, तसं केलं, पट्ट्या नाहीत. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन टिकच काढून टाकली. दोन दिवस काही नाही. मी घरात जाहीर पण करून टाकलं. तिसऱ्या दिवशी रात्री बंद केला आणि एवढ्या जोरात फडफडल्या की भिंतीवर हिरवा उजेड पडला.

तेव्हा मी मॉनिटरवर घसरलो. पुरावा पण होता ना, जुना १९ इंची मॉनिटर माळ्यावरून काढला, एचडीएमआयने जोडला, पंधरा वेळा शट डाऊन केलं, एकदाही पट्टी नाही. तोच पीसी, तेच कार्ड, तेच विंडोज, फक्त मॉनिटर वेगळा. म्हणजे मॉनिटरच खराब. कोर्टात टिकेल असा पुरावा वाटला मला.

सर्व्हिसची कहाणी थोडक्यात सांगतो नाहीतर परत बीपी वाढेल. फोनवरच्याने आधी विंडोज फॉरमॅट करायला सांगितलं. म्हटलं अहो पीसी बंद झाल्यावर येतंय. तर म्हणे, "सर, बंद झाल्यावर येतंय तर वापरात अडचण नाही ना?" मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढून पाठवला, तो त्यांच्याकडे उघडेना. शेवटी माणूस आला. शांत होता बिचारा. स्वतःचा लॅपटॉप काढला, स्वतःची एचडीएमआय केबल लावली, दहा वेळा लॅपटॉप बंद करून दाखवला. पट्टी नाही. मग मॉनिटरचा मेनू उघडून बोट ठेवून म्हणाला, "सर, पट्ट्या येतात तेव्हा हा मेनू उघडून बघा, मेनू नीट दिसला आणि मागे कचरा दिसला तर पॅनल ओके, कचरा बाहेरून येतोय." मी म्हटलं बंद पीसीतून कुठून येणार कचरा? त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडे पण नव्हतं, पण आवाज माझा मोठा होता. तो गेल्यावर अर्ध्या तासात मेसेज आला की तक्रार बंद, ग्राहक समाधानी. त्या मेसेजने जे डोकं फिरलं!

वरचं बरंचसं मी तिसऱ्या महिन्यात रागात लिहून ठेवलं होतं, एक स्टार देऊन, कंपनीच्या नावासकट. टाकायचं राहून गेलं, बरं झालं. इथून पुढचं आत्ताचं.

पाचव्या महिन्यात आणखी एक सुरू झालं. सकाळी पीसी चालू केला की पंखे फिरायचे, स्क्रीनवर काही नाही. बंद, परत चालू, तरी नाही. बोर्डावरून सगळं बंद करून मिनिटभराने चालू केलं की मुकाट्याने चालू. आता हे नुसतं डोळ्यांना खुपणारं राहिलं नव्हतं. एका रात्री वैतागून पीसीची वायर मागून उपसूनच काढली, दिवे घालवले, आणि निघताना केसच्या काचेतून बघतो तर आत मदरबोर्डवरचा एक छोटा दिवा मिणमिणतोय.

आधी वाटलं उरलेला करंट असेल. पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतो, चालू होण्याचं बटण दाबून धरलं की निघून जातो. बटण दाबून धरलं. दिवा तसाच. दहा मिनिटं अंधारात उभा होतो, तसाच. वायर माझ्या हातात आणि पीसीत दिवा! मग मागे हात घालून जे जे जोडलंय ते एकेक काढत गेलो. माउस, कीबोर्ड, स्पीकर, नेटची वायर. शेवटी मॉनिटरची डिस्प्लेपोर्ट केबल (एचडीएमआयसारखीच, चित्र नेणारी) उपसली आणि दिवा टप्पकन गेला. परत लावली, परत मिणमिण. मॉनिटर माझ्या पीसीला वीज पुरवत होता.

तर प्रकार असा आहे. डिस्प्लेपोर्टला २० पिना असतात. कोपऱ्यातली शेवटची, २० नंबरची, ३.३ व्होल्टची पिन आहे. ती छोट्या अडॅप्टरसाठी ठेवलीय, म्हणजे डिस्प्लेपोर्टवरून दुसऱ्या प्रकारात बदलणारी डबी असते तिला वेगळा चार्जर लागू नये म्हणून, अर्धा अँपिअरपर्यंत मिळतो. गंमत अशी की ही वीज कार्डाच्या बाजूला पण असते आणि मॉनिटरच्या बाजूला पण. म्हणून साध्या दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असलेल्या केबलमध्ये ही पिन आतून जोडायचीच नाही असा नियम आहे, डिस्प्लेपोर्टचं स्टँडर्ड बनवणाऱ्या व्हेसाचा. पण स्वस्त केबल बनवणारे वीसच्या वीस तारा सरळ इकडून तिकडे जोडून मोकळे होतात. पीसी चालू असताना काही कळत नाही, दोन्हीकडे ३.३ आहे. पीसी बंद झाला की एकीकडे शून्य, दुसरीकडे ३.३, मग वीज मॉनिटरकडून उलटी कार्डात शिरते. कार्ड धड मेलेलं नाही, धड जिवंत नाही, आणि मॉनिटरला वाटतं पलीकडे कोणीतरी आहे. रीस्टार्टला येत नव्हतं कारण त्यात कार्डाची वीज तशी उलटी होण्यापर्यंत जातच नव्हती, स्लीपला का नाही ते मला नक्की माहीत नाही. फास्ट स्टार्टअपचा काडीचा संबंध नव्हता, दोन दिवस निव्वळ योगायोग.

एचडीएमआयला पण वीज असते, १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट, पण ती देणारा पीसी आणि घेणारा मॉनिटर, उलटा प्रवाह ठरलेलाच नाही. म्हणून त्या माणसाच्या लॅपटॉपला काही झालं नाही आणि माझ्या १९ इंचीला पण नाही. माझा तो कोर्टात टिकणारा पुरावा आठवा. "फक्त मॉनिटर वेगळा" म्हणालो होतो ना? मॉनिटरबरोबर केबल पण बदलली होती मी! दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि खापर एकीवर फोडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाची बाजू मांडायला घरी आलेल्या माणसाला पण चार शब्द सुनावले.

आणि ही केबल आली कुठून? बॉक्समध्ये फक्त एचडीएमआयची होती, त्यावर ह्या मॉनिटरचा पूर्ण १४४ मिळत नाही, म्हणून मी वेगळी घेतली. किंमत कमी ते जास्त अशी लावून पहिली दिसली ती. मॉनिटर निवडायला दीड महिना घातला, केबल निवडायला दीड मिनिट पण नाही. वर लिहिताना केबलचा उल्लेखच केला नव्हता मी, परत वाचून बघा, कारण ती माझ्या हिशोबात वस्तूच नव्हती.

मल्टीमीटर मागून आणला, सुईएवढी बारीक तार लावून दोन्ही टोकांच्या २० नंबरच्या पिना तपासल्या, टीं करून वाजला, म्हणजे त्या आतून जोडलेल्या. खात्री झाली. आता शहाण्या माणसाने नवीन केबल घेतली असती, मी पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायला बसलो. लोक करतात असं. तीन दिवस चाललं, चौथ्या दिवशी केबल काढून लावताना पट्टी आत सरकली ती पोर्टातच अडकली, चिमट्याने काढताना घाम फुटला. ह्या नादी लागू नका. तेव्हा कुठे व्हेसाची प्रमाणित म्हणून लिहिलेली केबल घेतली, आल्या आल्या मल्टीमीटर लावला, २० नंबर गप्प. जोडली.

तीन महिने झाले. एकही पट्टी नाही, पीसी बंद केला की "नो सिग्नल" आणि दिवा स्टँडबायला, सकाळी पहिल्या बटणात चालू. फास्ट स्टार्टअपची टिक परत लावली. ग्राफिक्स कार्ड वाचलं ह्याचं मला खरं आश्चर्य आहे, एवढे महिने मागच्या दाराने वीज खात होतं ते.

ज्यांना हे तपासायचंय त्यांनी ड्रायव्हरच्या आधी हे करा. पीसी बंद करा, पीसीचीच वायर काढा, मॉनिटर चालू राहू द्या, बटण दहा सेकंद दाबून धरा, आणि खोलीत अंधार करून आत कुठे दिवा दिसतो का बघा. दिसला तर डिस्प्लेपोर्टची केबल काढा. गेला तर तीच. पट्ट्या पीसी चालू असताना पण येत असतील तर हा प्रकार नाही, मग स्क्रीनशॉट काढा, स्क्रीनशॉटमध्ये पट्ट्या उमटल्या तर कार्ड किंवा ड्रायव्हर, नाही उमटल्या तर शक्यतो केबल किंवा मॉनिटर.

मॉनिटरला चार स्टार. पाचवा स्टँडमुळे गेला, तो अजून डुलतोय. केबल टाकवत नाही म्हणून ड्रॉवरमध्ये आहे, त्यावर मार्करने फुली मारलीय. आणि कंपनीच्या साइटवर माझी तक्रार अजून "ग्राहक समाधानी" म्हणून बंद दिसते. आता आहे समाधानी, पण त्या दिवशी नव्हतो, ते तेव्हा खोटंच लिहिलं होतं त्यांनी.