एकच तुकडी, दोन तुकड्या की कृतिसंशोधन? एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी अभिकल्प निवडताना

विषय ठरतो, मार्गदर्शक होकार देतात आणि आराखड्यातल्या ‘संशोधन अभिकल्प’ (म्हणजे अभ्यासाची रचना) या मथळ्याखाली काय लिहायचे, इथे गाडी अडते. बहुतेकांच्या हाताशी एक शाळा, फार तर दोन तुकड्या आणि पाच-सहा आठवडे असतात. तेवढ्यात तीन वाटा शक्य आहेत: एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी, दोन तुकड्यांचा अर्धप्रायोगिक अभिकल्प आणि कृतिसंशोधन (शिक्षकाने आपल्याच वर्गाचा प्रश्न सोडवत केलेला अभ्यास). तिन्ही एकाच उदाहरणावर ताडून पाहू. तिसरीची मुले ५२ − २७ = ३५ लिहितात, म्हणजे एककात वर-खाली न बघता सातातून दोन वजा करून मोकळी होतात. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या वापरून ही चूक घालवायची आहे.

एकल गट

सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत लेचापेचा. ३० मुले, २० गुणांची चाचणी, १२ तासिका, पुन्हा तीच चाचणी. समजा मध्यमान (सरासरी) ९.४ वरून १४.२ वर गेले. वाढ ४.८, वाढीचे प्रमाण विचलन (मुलामुलांतल्या फरकाचे माप) ३. टी मूल्य, म्हणजे फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते, येते ८.७६. स्वाधीनता मात्रा (इथे मुलांच्या संख्येहून एक कमी) २९ असताना ०.०१ स्तरावर २.७६ पुरते, म्हणजे शून्य परिकल्पनेचा (‘फरक पडला नाही’ या गृहीताचा) त्याग करून लेखक निर्धास्त होतो.

आता शेजारच्या तुकडीत डोकावा. तिथल्याही ३० मुलांना याच काळात वजाबाकी नेहमीसारखी फळ्यावर शिकवली आणि त्यांची वाढ ३.९ निघाली, विचलन तेवढेच, असे समजा. दोन वाढींतला फरक उरतो ०.९ आणि टी मूल्य १.१६. स्वाधीनता मात्रा ५८ ला ०.०५ स्तरावर २.०० लागते. पहिल्या तुकडीचे आकडे तेच, पण निष्कर्ष उलटा. गुण वाढले हे खरे. ते काड्यांमुळे वाढले, हे एकल गट सांगूच शकत नाही. पाच आठवड्यांत पोर वाढते, घरी कोणी शिकवते, तीच चाचणी दुसऱ्यांदा सोडवताना सराईत होते. कॅम्पबेल आणि स्टॅन्ली या संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांनी १९६३ मध्ये या शंकांची यादीच केली, आणि त्यातल्या बहुतेक एकल गटाला जशाच्या तशा लागू पडतात.

उपचारात्मक अध्यापनात (मागे पडलेल्या मुलांना वेगळे शिकवण्यात) आणखी एक खड्डा असतो. पूर्वचाचणीत तळाला राहिलेली १० मुले निवडली, की त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट गेलेला असतो. ती पुढच्या चाचणीत काही न शिकवताही थोडी वर येतात. हे मध्यमानाकडे परतणे आहे. त्याचे श्रेय कार्यक्रमाला देऊ नका.

दोन तुकड्या

मुलांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली तर खरा प्रयोग होतो, पण वर्ग मोडायला मुख्याध्यापक सहसा तयार नसतात. म्हणून अख्ख्या तुकड्या घ्याव्या लागतात आणि अभिकल्प ‘अर्धप्रायोगिक’ होतो. तसे स्पष्ट लिहा. शीर्षकात नुसते ‘प्रायोगिक’ लिहिले तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

घोळ होतो तो तुकड्यांच्या निवडीत. अनेक शाळांत अ तुकडी सेमी-इंग्रजीची किंवा गुणानुक्रमे भरलेली असते. तिला प्रायोगिक गट केले की निकाल आधीच लागला. पूर्वचाचणीच्या मध्यमानांत फरक दिसला, तर जोड्या जुळवण्यासाठी मुले गाळत बसू नका. सहप्रचरण विश्लेषण (सुरुवातीचा फरक हिशेबात धरून तुलना करणारी सांख्यिकी पद्धत) वापरा. तेही फरक माफक असेल तरच कामाचे, फार मोठी दरी ते बुजवत नाही. दोन्हीकडे शिक्षक एकच हवा आणि तासिका साधारण एकाच वेळेच्या. एका तुकडीला सकाळची पहिली आणि दुसरीला जेवणानंतरची तासिका मिळाली, तर तुम्ही काड्या नव्हे, पेंग मोजता. काड्यांचे गठ्ठे रोज परत गोळा करा, नाहीतर मधल्या सुट्टीत ते ब तुकडीत पोहोचतात.

संख्येचाही हिशेब आधीच करा. ०.०५ स्तर आणि ८० टक्के सामर्थ्य (खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता) धरले, तर मोठा परिणाम (प्रमाण विचलनाच्या ०.८ पट) पकडायला प्रत्येक गटात २६ मुले लागतात, मध्यम (०.५) पकडायला ६४. पंधरा-पंधराच्या तुकड्यांत ‘सार्थक फरक नाही’ असे आले, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही.

चाचणी मात्र दुसऱ्या शाळेत आधी घेऊन पाहा. ज्या प्रश्नाचे उत्तर ८० टक्क्यांहून जास्त मुलांना बरोबर येते तो बहुधा काढावा. पूर्वचाचणीतच मध्यमान २० पैकी १७ आले, तर वाढायला जागाच उरत नाही.

कृतिसंशोधन

शाळा द्विशिक्षकी असेल, तिसरीत ११ मुले असतील, तर दुसरी तुकडी आणणार कुठून? इथे नियंत्रित गटाचे (नेहमीच्याच पद्धतीने शिकवलेल्या, तुलनेसाठीच्या तुकडीचे) सोंग आणण्यापेक्षा कृतिसंशोधन करा. ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये मांडली आणि शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेत रुजवली. याचा उद्देश तुमच्या वर्गाचा प्रश्न सोडवणे हा आहे, जिल्ह्यासाठी नियम काढणे हा नाही. तरी शीर्षकात ‘तालुक्यातील विद्यार्थ्यांच्या’ घुसतेच, आणि तिथेच काम फसते.

याची ताकद टी मूल्यात नाही, नोंदीत आहे. प्रत्येक मुलाच्या वहीतली चूक प्रकारवार लिहा: मोठ्यातून लहान वजा केले, हातचा घेतला पण दशक कमी केले नाही, शून्यावर अडखळले. दर आठवड्याला त्याच प्रकारांची पुन्हा मोजणी करा. तिसऱ्या आठवड्यात ‘दशक कमी केले नाही’ हीच चूक उरली, तर कृती बदला. गठ्ठा सोडताना दशकाच्या घरातला अंक मुलाकडूनच खोडून घ्या. हा बदल अहवालात आला नाही तर ते कृतिसंशोधन न राहता एकल गटच होते.

दोन तुकड्या असतील आणि मुख्याध्यापक वेळापत्रक हलवू देत असतील, तर दुसरी वाट घ्या. वर्ग एकच असेल तर तिसरी. पहिली फक्त साहित्य किंवा चाचणी प्राथमिक पातळीवर तपासण्यासाठी, आणि तसे नाव देऊन.

तारखा शाळेच्या दिनदर्शिकेवर बसवा. शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होते, पण पहिले पंधरा दिवस पट स्थिरावत नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्वचाचणी, गणपतीच्या सुट्टीआधी उत्तरचाचणी. त्यानंतरच्या आठ तासिका मागून घ्या: नियंत्रित गटाच्या मुलांनाही काड्यांनी वजाबाकी शिकवायची राहिलेली असते, आणि ते परवानगीच्या अर्जातच लिहिलेले असावे.